वर्तुळाला बाजू किती?

पाटीपेन्सिल

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी कोडं टाकलं: वर्तुळाला बाजू किती? पर्याय (अ) शून्य, (ब) एक, (क) अनंत, (ड) दोन, आतली आणि बाहेरची. 'ड'वर सगळ्यांनी हसून घेतलं आणि मग जी जुंपली ती टँकरच्या बिलाचा विषय निघाल्यावरच थांबली. तिथे गणितापेक्षा आवाज जास्त होता, म्हणून इथे या मंचावर विचारते.

माझं मत 'क'. सुसम बहुभुजाकृती घ्या आणि बाजू ६, १२, २४, ४८ अशा वाढवत न्या. अंतर्कोन १२०, १५०, १६५, १७२.५ अंश असा १८०कडे सरकत जातो आणि आकृती वर्तुळात मिसळून जाते. शाळेत क्षेत्रफळ शिकवताना आपणही हेच करतो ना? वर्तुळाच्या फाका कापायच्या, एक सुलटी एक उलटी अशा लावायच्या, की अर्ध्या परिघाइतक्या लांबीचा आणि त्रिज्येइतक्या रुंदीचा आयत होतो. फाकेची बाहेरची कड सरळ धरल्याशिवाय तो आयत होतच नाही. म्हणजे सूत्र काढताना वर्तुळ ही बहुभुजाकृती, आणि परीक्षेत चूक की बरोबर विचारलं की मात्र 'चूक'. हा दुटप्पीपणा का?

चहाबाज

माझं मत 'ड'ला. रुमाल टाकून ठेवतो. खडूफळा मास्तर येईपर्यंत एक कटिंग मारून येतो.

खडूफळा

आलोच आहे, कटिंग इथेच मागवा.

बहुभुजाकृती म्हणजे सान्त (मोजून संपणाऱ्या) संख्येच्या रेषाखंडांनी बंदिस्त झालेली सपाट आकृती. वर्तुळ म्हणजे केंद्रापासून सारख्या अंतरावर असणाऱ्या बिंदूंचा संच. दोन्ही व्याख्या पाठ्यपुस्तकातल्याच आहेत, पण नुसत्या व्याख्या तोंडावर मारल्या तर पाटीपेन्सिलताईंचं समाधान व्हायचं नाही. म्हणून सिद्धता देतो.

कोणतीही सरळ रेषा वर्तुळाला जास्तीत जास्त दोन बिंदूंत भेटते. का? केंद्रातून त्या रेषेवर लंब टाका. केंद्रापासून त्रिज्येइतक्या अंतरावर असलेला रेषेवरचा बिंदू लंबपादापासून किती दूर असणार, हे पायथागोरस ठरवून टाकतो. तेवढ्या अंतरावर रेषेवर एक बिंदू इकडे, एक तिकडे; तिसऱ्याला जागाच नाही. आता बाजू म्हणजे रेषाखंड आणि रेषाखंडावर अगणित बिंदू. वर्तुळाला एक जरी बाजू असती, अगदी केसाच्या हजाराव्या भागाएवढी, तरी तेवढे सगळे बिंदू एका रेषेत आले असते. ते येत नाहीत. सबब बाजू शून्य, उत्तर 'अ'.

जाता जाता: युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्याच भागात हे दोघे निरनिराळ्या कलमांत टाकलेत. १५व्या व्याख्येत वर्तुळ, 'एका रेषेने वेढलेलं'. १९व्या व्याख्येत सरळ रेषांच्या आकृत्या, आणि तिथे बहुभुज म्हणजे चारहून जास्त बाजू असलेली. त्याच्या हिशेबात चौकोनसुद्धा बहुभुज नव्हता. 'ब' म्हणणाऱ्यांना हवा तर युक्लिडचा आधार आहे, पण त्याच्या लेखी 'रेषा' वक्रही असते, हे लक्षात ठेवा.

पाटीपेन्सिल

मास्तर, 'सान्त' हा शब्द व्याख्येतच पेरून ठेवल्यावर निकाल दुसरा काय लागणार? तो काढून टाका. आणि मला केसाच्या हजाराव्या भागाएवढी बाजू नकोच आहे. लांबी शून्याला टेकली की झालं.

खडूफळा

खुशाल काढा. सिद्धतेत तो शब्द मी वापरलेलाच नाही, पुन्हा वाचा. राहिलं लांबी शून्याला टेकण्याचं. लांबी शून्य झाली की रेषाखंड उरत नाही, बिंदू उरतो. बिंदूंनाच बाजू म्हणायचं असेल तर चौरसाच्या कडेवरही अगणित बिंदू आहेत, म्हणजे त्यालाही अनंत बाजू. मग चौरसाला चार बाजू कुठल्या तोंडाने म्हणणार?

चहाबाज

मास्तरांना दंडवत. ताई, आता काय?

ओसरीवरचा

ताई, तुम्ही एकट्या नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये अँटिफॉन नावाचा एक जण नेमकं हेच म्हणत होता. वर्तुळात बहुभुजाकृती काढा, बाजू दुप्पट करत चला, शेवटी बाजू इतक्या बारीक होतील की त्या वर्तुळाशी एकरूपच होतील. कुठल्याही बहुभुजाकृतीएवढा चौरस काढता येतो, म्हणजे वर्तुळाएवढाही काढता येईल, असा त्याचा डाव. अ‍ॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'मध्ये त्याला झटकून टाकलं: याचं खंडन करणं भूमितीवाल्याचं कामच नाही, कारण हा गडी भूमितीची मूळ तत्त्वंच मानत नाही.

आर्किमिडीज जास्त सावध. तो वर्तुळाच्या आत एक आणि बाहेर एक अशा बहुभुजाकृती घेऊन ९६ बाजूंपर्यंत गेला आणि म्हणाला, परीघ व्यासाच्या ३ पूर्णांक १०/७१ पटीहून जास्त आणि ३ पूर्णांक १/७ पटीहून कमी. आपण ज्याला २२/७ म्हणून कवटाळून बसतो ती त्याच्या लेखी फक्त वरची हद्द होती. क्षेत्रफळाची सिद्धताही तशीच: उत्तर याहून जास्त म्हणाल तर विसंगती, कमी म्हणाल तर विसंगती, मग दुसरं काय उरतं? या सगळ्यात त्याने वर्तुळाला बहुभुजाकृती एकदाही म्हटलेलं नाही.

आता तुमच्या फाकांकडे येतो. हा प्रकार शाळेच्या पुस्तकाहून बराच जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट कोकणात जातो. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर (ती ११५०ची) त्यांनी १५४५मध्ये 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. त्यात वर्तुळाचे दोन अर्धे करून त्यांच्या सुईसारख्या टोकदार फाका पाडायच्या आणि एकमेकांत अडकवायच्या, म्हणजे अर्धा परीघ गुणिले त्रिज्या एवढा आयत मिळतो, अशी उपपत्ती दिली आहे.

परिघाबद्दल भास्कराचार्य दोन किमती देतात. ३९२७/१२५० ही सूक्ष्म, आणि २२/७ ही स्थूल पण व्यवहाराला चालणारी. ३९२७ कुठून आलं ते गणेश दैवज्ञ उलगडतात. १०० व्यासाच्या वर्तुळात षटकोन, मग १२, २४, ४८, ९६, १९२ आणि ३८४ बाजू. ३८४ बाजूंची परिमिती येते ९८६९४च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सुमारे ३१४.१५६. व्यास १२५० धरा, की ३९२६.९५. पुढचा पूर्णांक ३९२७.

एक पायरी करून पाहा, मजा आहे. षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी, ५०. तिची अर्धी २५. केंद्रापासून बाजूपर्यंतचं अंतर म्हणजे २५०० वजा ६२५ याचं वर्गमूळ, ४३.३०१३. त्रिज्येतून ते वजा केलं की शर, म्हणजे बाजूच्या मध्यापासून वर्तुळापर्यंतचं अंतर, मिळाला: ६.६९८७. आता २५ आणि ६.६९८७ यांचा कर्ण काढा: २५.८८१९. ही बारा बाजूंच्या आकृतीची बाजू. गुणिले १२, ३१०.५८. षटकोनाच्या ३००वरून एका उडीत इथवर. पुढच्या पाच उड्या कागदावर मारताना मात्र घाम फुटतो, आणि त्या काळी दशांश चिन्हही हाताशी नव्हतं.

खडूफळा

वा! आठवी-नववीच्या पोरांना हे एकदा करायला द्यायला हवं. पायथागोरसपलीकडे काहीच लागत नाही.

लेथवाला

तुम्ही बहुभुजाकृतीला वर्तुळ म्हणावं का विचारताय. आमच्या धंद्यात वर्तुळ म्हणून आलेला जॉब बहुभुजाकृती निघतो, त्याचं काय करायचं ते सांगा.

सेंटरलेस ग्राइंडिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. पिन दोन चाकांच्या मध्ये एका पट्टीवर टेकून फिरते, तिला सेंटर नसतं. पट्टीची उंची नीट बसली नाही की पिनला लोब येतात, म्हणजे तीन किंवा पाच फुगवटे. डोळ्याला दिसत नाहीत. मायक्रोमीटर लावा, कुठूनही फिरवून बघा, व्यास तोच. कारण लोब विषम असले की एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूला बरोब्बर चपटा भाग येतो आणि बेरीज तेवढीच राहते. नवीन पोरगा म्हणतो, साहेब, जॉब ओके. तोच जॉब व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर ठेवायचा, वरून डायल लावायचा आणि हाताने हळू फिरवायचा. काटा तीनदा वर जातो, तीनदा खाली येतो. झाला ना उघडा! तेव्हा 'सगळीकडून व्यास सारखा' ही काही वर्तुळाची खूण नव्हे.

ब्रिटनने १९६९ साली ५० पेन्सचं नाणं काढलं ते याच तत्त्वावर. सात बाजू, पण बाजू किंचित फुगीर, त्यामुळे कुठूनही मोजा, रुंदी एकच. नाणं टाकायच्या मशीनला फरक पडत नाही.

भोचक भवानी

म्हणजे पाच फुगवट्यांची पिन वर्तुळ नाही आणि बहुभुजाकृतीही नाही. मास्तर, हिला कुठल्या कलमात टाकणार?

खडूफळा

'आणि इतर' मध्ये. सगळ्या आकृत्यांना आडनाव असलंच पाहिजे असं नाही.

लेथवाला

आणखी एक राहिलं. आमच्या शेजारच्या गाळ्यात थ्रीडी प्रिंटिंग चालतं. ते ओपनएससीएडी नावाचा प्रोग्रॅम वापरतात. त्यात सुसम षटकोनासाठी वेगळी आज्ञाच नाही. वर्तुळाची आज्ञा द्यायची आणि 'तुकडे सहा' सांगायचं, की षटकोन हजर. तुकडे शंभर सांगा, गोल दिसायला लागतो. त्या प्रोग्रॅमला विचाराल तर वर्तुळ आणि बहुभुजाकृती एकच जात.

पण मार कुठे बसतो बघा. २० मिलिमीटरचं भोक काढलं आणि तुकडे ठेवले २४. कोपरे २०च्या वर्तुळावर बसतात, बाजू मात्र आतून जातात. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर १९.८३. त्यात २०चा शाफ्ट घालायला हातोडा लागतो, आणि हातोडा घातला की प्लास्टिक तडकतं. १०० तुकडे केले तर भोक १० मायक्रॉन लहान. ३६० केले तर एका मायक्रॉनच्याही आत, ते आमच्या मोजमापात येतच नाही. ताई, तुमची अनंतता आमच्याकडे ३६०ला संपते.

पाटीपेन्सिल

लेथवाला काका, हे वाक्य मी आमच्या ग्रुपवर चिकटवणार आहे.

नकाशेवाली

काकांचं भोक, माझी जमीन. मी जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं काम करते, आणि आमच्याकडे 'अमुक ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आत काय काय येतं' हा रोजचा प्रश्न. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसला बफर, म्हणजे बिंदूभोवतीची तेवढ्या अंतराची हद्द, काढायला सांगितलं की तो वर्तुळ देत नाही. पाव वर्तुळाचे आठ तुकडे हा त्याचा ठरलेला हिशेब, म्हणजे एकूण ३२ बाजूंची बहुभुजाकृती. पडद्यावर गोल दिसते, सगळे माना डोलावतात.

आता गणित करा. १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४.१६ हेक्टर. त्यात बसवलेल्या ३२ बाजूंच्या आकृतीचं ३१२.१४. दोन हेक्टर गायब, म्हणजे जवळजवळ पाच एकर. दोन कोपऱ्यांच्या मधोमध रेघ ४.८ मीटर आत सरकलेली असते. एखाद्याचं घर नेमकं त्या ४.८ मीटरच्या पट्ट्यात असेल तर कागदोपत्री तो हद्दीबाहेर, टेप लावून मोजलं तर आत. अशी तक्रार आली की लोकांना वाटतं सर्व्हेवाल्याने पैसे खाल्ले. खाल्लेले असतात ते कोसाइनने.

गंमत म्हणजे त्याच पोस्टजीआयएसमध्ये 'वक्र बहुभुजाकृती' असा एक वेगळा प्रकारही आहे. त्याची हद्द कंसांची असू शकते, आणि त्यात अख्खं वर्तुळ नीट साठवता येतं. जिओजेसन या नकाशांच्या फाइल-प्रकारात मात्र वर्तुळ नावाची चीजच नाही, तिथे पुन्हा बहुभुजाकृतीच काढावी लागते. तेव्हा 'वर्तुळ ही बहुभुजाकृती मानता येईल का' याचं माझ्या ऑफिसातलं उत्तर: कुठल्या फाइलमध्ये पाठवायचंय?

चहाबाज

पाच एकर! नुसत्या गोलाईपोटी! हा धागा आता महसूल विभागात हलवा.

भोचक भवानी

थांबा, ताईंच्या 'क'ला मी एक काडी लावते.

१ व्यासाचं वर्तुळ. त्याला बाहेरून घट्ट बसणारा चौरस, परिमिती ४. आता चौरसाचे चारही कोपरे आत दुमडा, असे की दुमडलेला कोपरा वर्तुळाला टेकेल. आडव्या आणि उभ्या तुकड्यांची बेरीज बदलली का? नाही, अजून ४च. आता जे नवे कोपरे आले तेही दुमडा. पुन्हा ४. दुमडत राहा. पायऱ्या बारीक होत होत शेवटी वर्तुळाला चिकटतात. ताईंच्या नियमाने 'आकृती वर्तुळात मिसळून गेली', म्हणजे परीघ ४. मग ३.१४ कुठून काढलं तुम्ही लोकांनी? ओसरीवरच्या बुवांचे ३८४ कोन वाया गेले म्हणायचे.

चहाबाज

पॉपकॉर्न आणा रे कुणीतरी.

पाटीपेन्सिल

भवानीबाई, हे कोडं माहीत आहे, आणि उत्तर ३.१४च आहे हेही माहीत आहे. पण ६, १२, २४ या आकृत्या चालतात आणि पायऱ्या चालत नाहीत याचं सरळ कारण कुणी देईल का? दोन्हीकडे बाजू लहानच होत जातायत. दोन्हीकडे आकृती वर्तुळाला हवी तेवढी जवळ येतेय.

एप्सिलॉन

रात्रभर वाचतोय, आता राहवत नाही.

या धाग्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, वर्तुळ ही बहुभुजाकृती आहे का? मास्तरांनी उत्तर दिलं, नाही, आणि त्यांची सिद्धता पक्की आहे. दोन, बहुभुजाकृतींच्या एखाद्या मालिकेची सीमा (जिच्याकडे ती मालिका सरकत जाते ती आकृती) वर्तुळ असेल, तर आकृतींचे कोणते गुण सीमेपर्यंत पोचतात? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक गुणासाठी वेगळं शोधावं लागतं.

क्षेत्रफळ पोचतं. भवानीताईंच्या पायऱ्यांचं क्षेत्रफळसुद्धा वर्तुळाच्या क्षेत्रफळाकडेच जातं, बघा करून. लांबीचं तसं नाही. वक्राची लांबी जवळपणावर ठरत नाही, दिशेवर ठरते. आतल्या बहुभुजाकृतीची बाजू लहान होत जाते तशी तिची दिशा तिथल्या स्पर्शिकेच्या दिशेशी जुळत जाते. पायरी कितीही बारीक करा, ती एकतर आडवी किंवा उभी. ४५ अंशांच्या स्पर्शिकेपाशी उभं राहूनही ती आडवी-उभीच चालते. जागा जवळ आली, दिशा आली नाही, म्हणून लांबी आली नाही.

आर्किमिडीजला हा धोका ठाऊक असावा असं मला वाटतं. 'गोल आणि वृत्तचिती'च्या सुरुवातीला तो एक गृहीतक मांडतो: दोन बहिर्वक्र (कुठेही आत न वळणाऱ्या) रेषांची टोकं तीच असतील आणि एक दुसरीला वेढत असेल, तर वेढणारी लांब. बहिर्वक्र ही अट मुद्दाम आहे. षटकोन, बारा कोन, ९६ कोन, सगळे बहिर्वक्र. जिना नाही, त्याला आत वळलेले कोपरे आहेत. त्यामुळे तो जिना वर्तुळाला बाहेरून वेढतो एवढंच खरं, त्यावरून परीघ ४ निघत नाही.

'बाजू सरळ असणं' हा गुण तर सीमेपर्यंत पोचतच नाही. ६ बाजू सरळ, ९६ सरळ, दहा लाख सरळ. वर्तुळात एकही सरळ तुकडा नाही. १/२, १/३, १/४ ही प्रत्येक संख्या शून्याहून मोठी असते, पण त्यांची सीमा शून्यच, शून्याहून मोठी नाही. तसंच आहे हे.

खडूफळा

सहमत. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

पाटीपेन्सिल

एप्सिलॉन, पायऱ्यांचं पटलं. तरी माझी बाजू पूर्ण सोडत नाही. शोधाशोध केली तर दिसलं की लाइब्निझ १६८४च्या लेखात वक्ररेषेला अनंत कोनांची बहुभुजाकृतीच म्हणतो. १६९६मध्ये लोपितालने कलनशास्त्राचं पाठ्यपुस्तक काढलं, त्यात सुरुवातीलाच गृहीतक: वक्ररेषा ही अनंतसूक्ष्म अशा अनंत रेषाखंडांची बनलेली मानता येते. त्याआधी १६१५मध्ये केप्लर वर्तुळाचे केंद्रातून अनंत त्रिकोण पाडून बसला होता. ही सगळी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवरची नाहीत ना?

एप्सिलॉन

नाहीत, आणि त्यांची उत्तरंही बरोबर आली. वर्तुळाला तसं मानून हिशेब सुटतो. प्रश्न इतकाच की त्या 'अनंतसूक्ष्म' बाजूची लांबी शून्य की शून्य नाही? शून्य असेल तर बेरीज शून्य. नसेल तर मास्तरांची सिद्धता आडवी येते. बिशप बर्कलीने १७३४मध्ये याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात सीमेची नीट व्याख्या झाली आणि अनंतसूक्ष्म बाद झाले.

पण तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. १९६०च्या दशकात अब्राहम रॉबिन्सनने अनंतसूक्ष्म संख्या तर्कशुद्ध पायावर परत आणल्या. त्याच्या पद्धतीत एका अनंत मोठ्या पूर्णांकाएवढ्या बाजू असलेली सुसम बहुभुजाकृती रीतसर काढता येते. तिची बाजू शून्य नसते, आणि परिमिती वर्तुळाच्या परिघाहून फक्त अनंतसूक्ष्म अंतराने कमी असते. वाईट बातमी अशी की तिथेही ती बहुभुजाकृती वेगळी आणि वर्तुळ वेगळं. दोघांमध्ये कुठल्याही साध्या संख्येने मोजता येणार नाही इतकी बारीक फट राहते, पण राहते.

ओसरीवरचा

भास्कराचार्यांनी हीच युक्ती उलट बाजूने वापरलीय. 'गोलाध्याय' या त्यांच्या ग्रंथभागात प्रश्न येतो, पृथ्वी गोल तर सपाट का दिसते? उत्तर: 'समो यतः स्यात् परिधेः शतांशः'. परिघाचा शंभरावा भाग सपाटच असतो, पृथ्वी अवाढव्य, माणूस एवढासा, म्हणून त्याला ती सगळी सपाट भासते. आजचे आकडे घालून बघा. परिघाचा शंभरावा भाग म्हणजे ४०० किलोमीटर. तेवढ्या कंसाची आणि त्याच्या जीवेची लांबी यांत फरक ०.०२ टक्क्यांहून कमी. पण मधला फुगवटा ३ किलोमीटरचा. एप्सिलॉन म्हणतात तेच, लांबी जुळते, सरळपणा जुळत नाही.

आर्यभटाच्या ज्यासारणीतही ('ज्या' म्हणजे आजच्या साइनचं जुनं रूप) पहिली ओळ तशीच: २२५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कंसाची ज्या २२५. म्हणजे वर्तुळाच्या ९६व्या भागापर्यंत कंस आणि सरळ रेघ यांत फरक धरायचाच नाही.

दगडधोंडे

मंदिरांच्या नादी लागलेला माणूस आहे, दोन पैसे टाकतो. शिवलिंगाचा खालचा भाग चौकोनी, तो ब्रह्मभाग. मधला अष्टकोनी, विष्णुभाग. वरचा गोल, रुद्रभाग. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा. पाथरवटाच्या हातचा क्रमही असाच आहे: चौकोनी दगडाचे कोपरे मारले की आठ बाजू, पुन्हा मारले की सोळा, मग घासून गोल. 'मानसार' या शिल्पग्रंथात खांबांची नावं येतात. चौकोनी तो ब्रह्मकांत, अष्टकोनी विष्णुकांत, आणि रुद्रकांत म्हणजे सोळा बाजूंचा किंवा गोल. सोळा बाजू आणि गोल यांना एकच नाव! ताई, ग्रंथाधार हवा असेल तर हा घ्या.

खडूफळा

म्हणजे भूमितीत शून्य, लेथवर ३६०, नकाशात ३२ आणि देवळात १६.

प्रश्नार्थक

वाचनमात्र होतो, एक शंका. बाजू अनंत पण प्रत्येक बाजू शून्याहून मोठी, आणि सगळी आकृती बंदिस्त, असं काही असू शकतं का? की अनंत म्हटलं की वर्तुळच?

एप्सिलॉन

असू शकतं, आणि ते वर्तुळ नसतं. घड्याळाची तबकडी घ्या. १२वर एक बिंदू, ६वर दुसरा. मग ६ ते १२ या उरलेल्या कंसाच्या मध्यावर, म्हणजे ९वर, तिसरा. पुन्हा ९ ते १२च्या मध्यावर, साडेदहावर. असंच दरवेळी उरलेल्याच्या निम्म्यावर. ओळीने जोडत जा. बाजू अनंत, प्रत्येक खरीखुरी सरळ, १२च्या जवळ त्यांची दाटी होते आणि आकृती तिथे बंद होते. पण १२ ते ६ ही पहिलीच बाजू सबंध व्यासाएवढी आहे, गोलाईचा पत्ता नाही. अशा आकृतीचे कोपरे एक, दोन, तीन असे मोजता येतात. वर्तुळाला 'सगळे बिंदू म्हणजे कोपरेच' असं म्हणायचं झालं तर ते कोपरे तसे ओळीने मोजताच येत नाहीत, एकाच्या शेजारचा पुढचा कोणता ते सांगता येत नाही. आणि बाजू म्हणजे शेजारच्या दोन कोपऱ्यांना जोडणारा रेषाखंड. शेजारीच नाही तर जोडणार कुणाला?

सगळ्या बाजू समान हव्या असतील आणि त्याही अनंत, तर साध्या सपाट प्रतलावर ती आकृती बंदच होत नाही. सरळ रेषेवर सारख्या अंतरावर बिंदू मांडत दोन्हीकडे जायचं, हे तिचं सर्वांत साधं रूप. तिला अनंतभुज म्हणून वेगळी नोंद आहे.

भोचक भवानी

'एकाच्या शेजारचा पुढचा कोणता ते सांगता येत नाही' हे आवडलं. माझी काडी वसूल झाली.

लेथवाला

नकाशेवाली ताई, तुमच्या पाच एकरांवर एक उपाय सुचतो. आम्ही भोकाच्या बाबतीत तेच करतो. कोपरे वर्तुळावर बसवण्याऐवजी बाजूंचे मध्य वर्तुळावर बसवायचे, म्हणजे बहुभुजाकृती बाहेरून. त्रिज्येला १८० भागिले बाजू इतक्या अंशांच्या कोसाइनने भागा. मग भोक कधीच लहान पडत नाही.

नकाशेवाली

काका, करून बघितलं. ३२ बाजूंसाठी १००० मीटरच्या जागी १००४.८४ मीटर त्रिज्या द्यावी लागते. आतलं कुणी सुटत नाही, पण मग बाहेरचे काही आत येतात आणि ते भांडायला येतात. शेवटी आकृती आतलीच ठेवली आणि पाव वर्तुळाचे तुकडे ८वरून ६४ केले. एकूण २५६ बाजू. पाच एकरांची तूट तीन गुंठ्यांवर आली, तेवढी चालेल असं वरून कळवलंय.

लेथवाला

तीन गुंठे? आमच्या भावकीत अर्ध्या गुंठ्यावरून कोर्टात तारखा चालू आहेत. ५१२ करा.